न धुतलेली वाकळ

मावशी,

वाकळ मी आणली. तुझ्या बाराव्याच्या दिवशी वहिनीनं तुझं सगळं अंथरूण बांधून ओटीच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. चटई, उशी, दोन लुगडी आणि सगळ्यात वर ही. दिवस मावळायच्या आत तुझा लेक, आमचा दादा, ते गाठोडं बांधापलीकडे खाडीत सोडून येणार होता. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवायचं नसतं, हे मलाही ठाऊक आहे. तरी मी मागितली. वहिनी म्हणाली, "न्या बाय. पन आधी वास घ्या तिचा. तीस वर्षांत म्हातारीनं पानी लागू दिलं नाय तिला."

वहिनी खोटं बोलली नाही. बाकीचे मात्र बारा दिवस तुझ्याबद्दल नुसतं गोड बोलत होते. कष्टाळू होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तोंडातून कधी वाकडा शब्द नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला राग येत होता. तुझ्या तोंडातून कुठलाच शब्द यायचा नाही, वाकडा काय आणि सरळ काय. जे बोलायचं ते तू शिवून टाकायचीस. हे मी तुला तू असताना धड सांगितलं नाही, म्हणून आता सांगते.

मी तुझ्याकडे आले तेव्हा सतरा वर्षांची होते. रोह्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव, दिवसाला दोन एस.टी., आणि घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. रोह्यात खोली घेऊन राहणं आम्हाला परवडणारं नव्हतं. पेणला कॉलेज होतं आणि वडखळच्या पुढे खाडीकाठी तू होतीस. आईनं मला तुझ्या दारात आणून सोडलं, तेव्हा तू पहिलं काय विचारलंस आठवतं? "थंडी वाजते का गो तुला?" जून महिना होता. आई हसली. तू आत गेलीस आणि ही वाकळ आणून माझ्या हातात दिलीस. तेव्हा ती नवी होती. नव्या वाकळीला नव्या कापडाचा वास नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. तिला माणसांचा वास होता.

नंतर तू मला एकेक तुकडा सांगितलास. मधला मोठा चौक तुझ्या सासूच्या हिरव्या लुगड्याचा. त्याच्या भोवती काकांच्या मिठागरातल्या सदऱ्यांचे निळे तिकोने. मिठाच्या पाण्यानं कापड दोन वर्षांत विरतं, बाहीचा आणि पाठीचा तेवढा भाग धड राहतो, म्हणून ते तिकोने इतके लहान. त्याच्या बाहेर दादाच्या शाळेच्या खाकी चड्डीच्या पट्ट्या, आणि कडेनं लाल काठ. टाके बाहेरून सुरू व्हायचे. कडेनं एक फेरी, मग बोटभर आत दुसरी, मग तिसरी, अशी चालत चालत तू मधल्या चौकात यायचीस. प्रत्येक टाका भाताच्या दाण्याएवढा. खाली पट्टी नाही, खडूची रेघ नाही. मी कॉलेजच्या वहीत रेघा मारताना हात हलायचा, आणि तू ओटीवर चार कोपऱ्यांना चार दगड ठेवून, भाजी काय करायची ते बोलत बोलत, सरळ जायचीस. मिठानं तुझी बोटं चिरलेली असायची. सुई चिरेत शिरली की तू फक्त बोट तोंडात घालायचीस आणि पुढचा टाका घ्यायचीस.

घरात एक माणूस कमी आहे हे मला आईनं आधीच सांगितलं होतं. तुझी सुमन. जोह्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायला जायची. तिथल्याच एका रंगाऱ्याशी तिनं लग्न केलं. तो आपल्यातला नव्हता. मी येण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. त्या दिवसापासून काकांनी घरात तिचं नाव बंद केलं. तिचे कपडे, वह्या, वेणीच्या रिबिनी, सगळं बांधावर नेऊन जाळलं. तिची झोपायची जागा रिकामी होती, तिथे मी झोपायला लागले. जोहे तुझ्या गावापासून तासाभराच्या वाटेवर आहे. ते त्या घरात विलायतेपेक्षा लांब होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आपण दोघी तळ्यावर वाकळी धुवायला गेलो. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. एक टोक तुझ्याकडे, एक माझ्याकडे, आणि दोघींनी उलट बाजूंनी पिळायची. मी जोर लावून पीळ दिला, तशी तू ओरडलीस. तू ओरडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"हळू पिळ गो. तिथं सुमन हाय."

मी हात सोडला. तू इकडेतिकडे बघितलंस. तळ्यावर कुणी नव्हतं. मग तू सांगितलंस की काकांनी सगळं जाळलं त्याच्या आधी सुमनचं एक कापड तू चुलीमागे दडवलंस, आणि त्याच पावसाळ्यात ते या वाकळीच्या पोटात घातलंस. वरच्या आणि खालच्या कापडाच्या मध्ये जुन्या लुगड्यांचे जे थर घालतात, त्याला तुम्ही पोट म्हणता. वरचं सगळ्यांना दिसतं. पोटात काय आहे ते शिवणारीलाच ठाऊक. "ह्या कोपऱ्यात हाय बघ," म्हणालीस आणि माझं बोट धरून ओल्या कापडावर ठेवलंस. मला काहीच वेगळं लागलं नाही. मी व्हय म्हणाले.

कुणाला सांगू नकोस, असं तू म्हणाली नाहीस. यावरून मी मनातल्या मनात तुझ्याशी किती वर्षं भांडले. तू म्हणाली असतीस तर मी गप्प बसले असते. पण तुला वाटलं, पोटातलं ते पोटातलं, हे काय सांगायला लागतं. तुझ्या गावच्या कुठल्याही बाईला ते सांगायला लागलं नसतं. मला लागलं, कारण मी शिकत होते.

एस.वाय.ला असताना मराठीच्या सरांनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी 'आपल्या घरातली कला' या विषयावर लिहायला सांगितलं. मी तुझ्या वाकळीवर लिहिलं. तू कधी गोधडी म्हटलं नाहीस, पण मी नाव दिलं 'आमच्या घरची गोधडी', कारण वाकळ हा शब्द मला अंकात शोभणारा वाटला नाही. हिरवा चौक लिहिला, निळे तिकोने लिहिले, टाक्यांच्या फेऱ्या लिहिल्या. आणि शेवटी सुमन लिहिली. तिचं नाव, तिचं लग्न, आणि पोटात दडवलेला तिचा हळदीसारखा पिवळा फ्रॉक. सरांनी वर्गात वाचून दाखवलं. माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून आलं होतं. आमच्या घराण्यातच पहिल्यांदा.

मी तो अंक घेऊन पेणहून आले, तेव्हा काका मिठागरातून येऊन ओटीवर बसले होते. शेजारच्या दोन बायका होत्या. तू सुपात तांदूळ घेऊन खडे काढत होतीस. मी म्हणाले, आपल्या वाकळीवर छापून आलंय, वाचू का? काका खूश झाले. "वाच की. एवढं शिकतंस ते काय नुसतं मनात ठेवायला?"

मला काय वाटलं होतं ते तुला सांगते. मला वाटलं होतं की छापलेलं ऐकल्यावर काका विरघळतील. तोंडानं बोललेलं माणूस ऐकत नाही, पण छापलेलं ऐकतं, असा माझा पक्का समज होता. पुस्तकांनीच मला तिथवर आणलं होतं. मग सुमनलाही तीच घरी आणतील, असं वाटलं. म्हणून ते वाक्य आलं तेव्हा मी आवाज चढवला. सुमनचं नाव मी मोठ्यानं वाचलं. सुपातला तुझा हात थांबला, तो मला दिसला. तरीही मी पुढे वाचत गेले, कारण शेवटचा परिच्छेद सगळ्यात चांगला झाला होता.

काका ओरडले नाहीत. उठले, आत गेले, कोयता आणि वाकळ घेऊन बाहेर आले. "कुठला कोपरा?" त्यांनी मला विचारलं, तुला नाही. मी बोलले नाही, म्हणून त्यांनी अंदाजानं एक चीर दिली, मग दुसरी. ते कापड निघालं. मी त्याच्याकडे बघितलंच नाही, मी तुझ्याकडे बघत होते. चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. त्यांनी ते कापड आत नेऊन चुलीत घातलं आणि परत येऊन बायकांना म्हणाले, "पोरगी लिवते चांगलं."

शेजारणी निघून गेल्या. तू सूप पुन्हा हातात घेतलंस आणि उरलेले तांदूळ निवडलेस.

दुसऱ्या दिवशी तू वाकळ शिवायला घेतलीस. मी दगड ठेवायला पुढे झाले, तर म्हणालीस, "तू अभ्यास कर." एवढंच. तीन वर्षांत तू मला हजार वेळा अभ्यास कर म्हणाली असशील, पण त्या दिवशी ते मला कानाखाली मारल्यासारखं लागलं. मी कॉलेजात असताना तू शिवायचीस, मी आले की गुंडाळून ठेवायचीस. एकदा मात्र तू स्वतःहून विचारलंस, "सुमनचं नाव कुठं आलंय गो? दाखव." मी बोट ठेवून दाखवलं. माझी चूक मला दाखवायला सांगतेस, असं मला वाटलं. तू माझ्या बोटाशेजारी तुझं बोट ठेवलंस आणि बराच वेळ बघत राहिलीस. दोनतीन दिवसांनी अंक दिसेनासा झाला. काकांनी तोही जाळला असणार, असं मी धरून चालले. मी दुसरा अंक आणला नाही.

वाकळ शिवून झाली आणि तू ती पुन्हा मलाच पांघरायला दिलीस. पण त्या उन्हाळ्यात तळ्यावर नेली नाहीस. बाकीच्या नेल्यास, ही दोरीवर घालून नुसतं ऊन दाखवलंस. मी म्हणाले, ही पण नेऊ. "नको. हिला पानी नको." त्यानंतर दर वर्षी तेच. मी समजले, ही माझी शिक्षा आहे. तळ्यावर आपण दोघींनी एकदा जे केलं, ते पुन्हा माझ्याबरोबर तुला करायचं नाही. मी ती मळकी वाकळ पांघरून बी.ए. झाले. माझ्या अंगावरची घाण तू मला दाखवतेस, असं मानून मी दोन वर्षं तिच्यात झोपले.

मावशी, मी तुझे उपकार विसरलेले नाही. पहाटे तांदळाची भाकरी आणि सुकट बांधून देणारी तू होतीस. पाऊस लागला की बांधावरून एस.टी.पर्यंत माझी पुस्तकं डोक्यावर धरून येणारी तू. एवढं झाल्यावरही, "आता हिचं शिक्षण पुरे," असं काका म्हणाले तेव्हा, "पोरगी मी आनलीय, मी पोचवीन," असं म्हणणारी तूच. तुझ्या संसारात काकांना उलटून बोललेलं तेवढं एकच वाक्य मी ऐकलं, आणि ते माझ्यासाठी होतं. मला कंपनीत टाइम ऑफिसला नोकरी लागली, रोह्याजवळ वरसेला घर झालं, मुलं झाली. हे सगळं तुझ्या ओटीवरून निघालेलं आहे.

पण हेच मला डाचतं. माझ्यासाठी बोललीस. सुमनसाठी का नाही बोललीस?

काका गेले त्याला चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मी आले तेव्हा तुला म्हणाले, चल, रिक्षा करते, जोह्याला जाऊन येऊ. आता कुणाला भ्यायचं आहे? तू पायावर वाकळ घेऊन बसली होतीस. "भात कापून होऊ दे गो."

"भात तू कापतेस का आता?"

"नाय कापत. पन होऊ दे."

"मावशी, ती तुझी मुलगी आहे."

"हाय ना. मी कुठं नाय म्हनतंय?" मग खाली बघून म्हणालीस, "सवय झाली गो."

त्यावर मी चिडले आणि दुपारच्या एस.टी.नं निघून आले. आपलं शेवटचं बोलणं ते. भात कापून झालं, झोडून झालं, आणि तू गेलीस.

सुमन आली. बाराव्याच्या दिवशी, पंगत उठल्यावर, अंगणात येऊन उभी राहिली. मी तिला ओळखलं नाही. नखांत रंग होता, त्यावरून ती असावी असं वाटलं. वहिनीनं पाणी दिलं, दादा आत निघून गेला. ती ओटीवर चढली नाही, पायरीवर बसली. पाणी पिऊन म्हणाली, "एकदा पेनच्या बाजारात दिसली होती मना. सुक्या मासळीच्या रांगेत. माझ्याकडं बघितलंन आनि पदर घेतलान तोंडावर. मी उभी राहिले. ती गेली."

मला तुझी बाजू घ्यायची होती. म्हणून मी गाठोड्यातून वाकळ काढली आणि तिला सगळं सांगितलं. चुलीमागे दडवलेलं कापड, तळं, माझा लेख, कोयता. हाच तो कोपरा, म्हणाले. ती कोपरा चाचपत होती. मूर्तीच्या पापणीवर बोट फिरवावं तसं तिचं बोट हळू फिरत होतं.

"मग आता काय हाय हितं? कडक लागतंय."

"माहीत नाही," मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं. तीस वर्षांत मी तो कोपरा एकदाही चाचपला नव्हता.

तिनं दातानं टाका तोडला. एक, मग पुढचा, मग बोट घालून उसवलं. आतून लाल काठाच्या तुकड्यात शिवलेली एक घडी निघाली. तिच्यात कागद होता. चौघडी घातलेला, पिवळा पडलेला, पण कोरडा. पाण्याचा एक थेंब न लागलेला. वार्षिक अंकातलं एकच पान. माझ्या लेखाचं शेवटचं.

तुला अक्षर येत नव्हतं, मावशी. पण त्या घरात सुमनचं नाव तेवढ्या एकाच जागी उरलं होतं, आणि ती जागा तू मला बोट ठेवून दाखवायला लावलीस. तुझ्या मुलीचं कापड माझ्यामुळे जळलं. त्याच्या जागी तू माझंच पान घातलंस. आणि ते भिजू नये म्हणून एवढी वर्षं वाकळीला पाणी लागू दिलं नाहीस. आणि मी काय समजत होते.

सुमननं सातवीपर्यंतच्या वाचण्यानं, अडखळत, सगळं पान वाचलं. वहिनी दारात उभी होती. मी वाट बघत होते, ती रडेल म्हणून.

"फ्रॉक नव्हता," ती म्हणाली. "पोलकं होतं. आनि पिवळं कुठलं, आबोली होतं. कुनी सांगितलं तुला पिवळं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. तू फक्त 'कापड' म्हणाली होतीस. हळदीसारखा पिवळा फ्रॉक, हे वाक्य कानाला बरं वाटलं म्हणून मी लिहिलं होतं. तेवढ्यासाठी हे सगळं झालं, असं त्या पायरीवर बसून मला वाटलं.

"नाव बरोबर हाय पन," सुमन म्हणाली. तिनं कागदाची घडी तशीच परत घातली आणि पिशवीत ठेवली. मी वाकळ पुढे केली, तर हात मागे घेतला. "ती तू ने. तुला पांघरलेली ती. मना कुठं पांघरली?" मग उठताना, कुणाकडेच न बघता, "लपवत बसली नुसती. एक दिवस यायचं होतं ना."

मीही एकदाही गेले नाही. पाऊण आयुष्य रोहा ते पेण एस.टी.नं फिरले, जोह्याची पाटी लागलेली गाडी शेजारी उभी असायची.

आज सकाळी मी वाकळ धुतली. आता तिच्यात भिजायला काही उरलेलं नाही. टबात घातली आणि पायांनी तुडवली. पहिलं पाणी चुलीच्या राखेसारखं निघालं, दुसरंही. तुझा वास गेला. पिळायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तशीच निथळत गच्चीच्या कठड्यावर टाकली. दुपारी वर जाऊन बघितलं तर हिरवा चौक वर आला होता. निळे तिकोने, खाकी पट्ट्या, लाल काठ, सगळे. मी विसरून गेले होते. इतकी देखणी होती ती, आणि तीस वर्षं मळाखाली राहिली, माझं एक पान कोरडं राहावं म्हणून.

मग मी काकांच्या कोयत्याच्या चिरा शोधल्या. दोन होत्या, मला नक्की आठवतं. कठड्यावर कापड ताणून, उन्हाकडे धरून, बोट फिरवून बघितलं. सापडल्या नाहीत. टाका टाक्याला असा भिडवलायस तू, की इथे कुणी कधी काही कापलं होतं, हे कुणालाही कळायचं नाही. इतकं सुंदर काम मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि त्याचाच मला राग येतो.

सुमननं उसवलेला कोपरा तेवढा उघडा आहे. तो मी शिवणार नाही.